विमान १० तासांचं, प्रवास १७ तासांचा. वसईहून लंडन नक्की किती लांब आहे?

मुंबई ते लंडन अंतर किती, असं मोबाइलवर विचारलं की लगेच उत्तर येतं : साधारण ७,२०० किलोमीटर. वेळ विचारली की मात्र गोंधळ सुरू होतो. एक साइट साडेआठ तास सांगते, दुसरी नऊ. तिकिटावर दहा लिहिलेले असतात. आणि वसईच्या पापडीतून किंवा विरारच्या मनवेलपाड्यातून निघालेला माणूस लंडनमधल्या घराची बेल वाजवतो, तोपर्यंत सतरा तास सहज उलटून गेलेले असतात.

गंमत म्हणजे यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळीच गोष्ट मोजतोय, एवढंच.

वसई-विरारमध्ये हा प्रश्न नुसता सामान्यज्ञानाचा नाही. इथल्या ख्रिस्ती समाजातली अनेक घरं आखातातल्या नोकऱ्यांवर आणि जहाजावरच्या पगारावर उभी राहिली. आता पुढची पिढी शिकायला ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला जाते. पूर्वेकडच्या इमारतींमध्ये राहणारी आयटीवाली मंडळी तर जगभर आहेतच. घरात लग्न असो नाहीतर मयत, 'तो कधी पोचेल?' हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. आणि २०२५ मध्ये दोन-तीन महिन्यांच्या आत आकाशातले रस्तेच असे बंद झाले, की या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर चालेनासं झालं.

७,२०० किलोमीटर नेमके कुठून मोजले?

भिंतीवरचा जगाचा नकाशा घ्या आणि मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टीने रेघ मारा. रेघ अरबस्तान, तुर्कस्तान असं करत जाईल. आता पृथ्वीचा गोल घ्या आणि त्याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा बराच वर सरकतो. कराचीच्या आसपासून अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्र, मग रशिया-युक्रेनवरून पोलंड, जर्मनी आणि लंडन. हा दोरा म्हणजे सगळ्यात जवळचा मार्ग. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की नकाशावरची सरळ रेघ लांबची ठरते आणि वाकडी दिसणारी जवळची. इंटरनेटवरचं ७,२०० किलोमीटर हे त्या दोऱ्याचं माप आहे.

आता त्या दोऱ्यावर कोणकोणते देश आले ते पुन्हा वाचा.

युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारतानेही तेच केलं, आणि मग बंदीची मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. याआधी बालाकोटनंतर, म्हणजे २०१९ च्या फेब्रुवारी अखेरीपासून १६ जुलैपर्यंतही पाकिस्तानचं आकाश असंच बंद होतं. मुंबई-लंडनचा सगळ्यात जवळचा रस्ता कागदावर आहे. त्यावरून भारतीय विमानाला जाता येत नाही.

मग विमान जातं कुठून? मुंबईहून थेट पश्चिमेला अरबी समुद्रावर, आखाताच्या बाजूने, पुढे तुर्कस्तान आणि मग युरोप. आता इथे एक हिशेब बघा, कारण बातम्यांमध्ये 'विमानप्रवास लांबला' एवढंच येतं आणि सगळ्या शहरांना एकाच मापाने मोजलं जातं.

मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर. दुबई ते लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर. बेरीज ७,४३०. म्हणजे दुबईला वळसा घालून गेलं तरी अंतर वाढतं ते जेमतेम २३० किलोमीटर. विमानाच्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं.

दिल्लीचा हिशेब करा. दिल्ली ते लंडन थेट सुमारे ६,७३० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा जवळ. पण दिल्ली ते दुबई २,१९० आणि पुढचे ५,५०० धरले तर ७,६९०. साडेनऊशे किलोमीटरचा फरक, तासाभराहून जास्त. पाकिस्तानचं आकाश बंद झाल्यावर दिल्लीच्या विमानांची जास्त ओढाताण झाली ती यामुळे. एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना मध्येच व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरून इंधन भरावं लागलं. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवताना कंपनीने जी कारणं दिली, त्यात विमानांच्या तुटवड्याबरोबर हे बंद आकाशही होतं.

मुंबई समुद्राच्या काठावर आहे आणि आखात तिच्या समोरच आहे. म्हणून वसईकराला या बंदीचा चटका बसला तो त्या मानाने कमी. हाच भूगोल आखाती कंपन्यांच्या धंद्याचं मूळ आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट १२,५४० किलोमीटर, दुबईमार्गे साधारण १२,९५०. वाटेत थांबा घेऊनही अंतर तीन-चार टक्क्यांनीच वाढतं. वाढतात ते तास, आणि ते हवेत नाही, दुबईच्या विमानतळावर बसून जातात.

एकाच रस्त्याने जाताना १० तास, येताना ९ का?

कारण वारा. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अतिशय जोरदार पट्टे वाहतात, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा एक पट्टा उत्तर भारतावर सरकतो आणि त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. लंडनहून येणाऱ्या विमानाला हा वारा पाठीवर घेता येतो, जाणाऱ्याला तो तोंडावर झेलावा लागतो.

समजा वाटेतला सरासरी वारा ताशी ८० किलोमीटर आहे आणि विमानाचा स्वतःचा वेग ९००. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ८२०, येताना ९८०. ७,४०० किलोमीटरला जाताना नऊ तास, येताना साडेसात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरण्याआधी शहरावर घिरट्या घालणं यात आणखी अर्धा-पाऊण तास जातो आणि तिकिटावरचा आकडा तयार होतो. नाताळला गावी आलेली मंडळी जानेवारीत परत निघतात तेव्हा 'येताना लवकर आलो, जाताना कंटाळा आला' असं म्हणतात, त्यात सुट्टी संपल्याचं दुःख असेलच. पण वाराही असतो.

जास्त अंतर कापून कमी वेळात पोचल्याचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचा मार्ग बदलून पॅसिफिकवरून केला. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० वर गेलं. वेळ मात्र दीड-दोन तासांनी कमी झाला, कारण आता जेट स्ट्रीम पाठीशी होता. अंतर आणि वेळ ही दोन वेगळी मापं आहेत हे सांगायला यापेक्षा सोपं उदाहरण नाही.

तिकीट वाचताना होणारी चूक

तिकिटावर 'निघणार ०२:००, पोचणार ०६:३०' असं दिसलं की आजी म्हणते, साडेचार तासांत लंडन? दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे वरचा प्रवास साडेचार अधिक साडेपाच, दहा तासांचा. परतीच्या तिकिटावर रात्री साडेनऊ ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा असं लिहिलं असेल, तर साडेचौदा तासांतून साडेपाच वजा करायचे, उरले नऊ.

दुबई दीड तास मागे. न्यूयॉर्क आणि टोरंटो उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे. दिवाळीच्या आसपास तिकडची घड्याळं तासाने मागे जातात आणि आपली तिथेच राहतात, हे विसरून विमानतळावर तासभर लवकर गेलेले नातेवाईक प्रत्येक कुटुंबात एक तरी असतातच.

खरा प्रवास वसई खाडीपाशी अडतो

वसईपासून मुंबईच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलपर्यंत सरळ रेषेत साधारण ३३ किलोमीटर आहेत. विमानाच्या वेगाने सव्वादोन मिनिटं. टॅक्सीला दीड तास लागला तर नशीब, अडीच लागले तरी कुणाला आश्चर्य वाटत नाही. मुंबई-दुबई विमान साधारण तीन तास घेतं. त्यामुळे वाईट दिवशी वसईकराचा निम्मा दुबई प्रवास विमानतळ गाठण्यातच संपतो.

याचं कारण खाडी आहे. २०११ च्या जनगणनेतच सव्वाबारा लाखांच्या घरात असलेल्या या शहराला गाडीने मुंबईत जायचं तर राष्ट्रीय महामार्ग ४८ वरचा वर्सोव्याचा पूल हाच सरळ रस्ता. २०२३ मध्ये तिथे नवा पूल झाला, पण पुढे घोडबंदर रस्त्याची वाहनं येऊन मिळतात, महामार्गाच्या काँक्रिटीकरणात रांगा लागतात आणि पावसाळ्यात खड्डे. चिंचोटीहून कामण-भिवंडीमार्गे वळसा आहे, तो विमानतळासाठी कुणी घेत नाही. वसई-भाईंदर रो-रो फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. गाडी बोटीवर चढवून खाडी ओलांडता येते, मात्र फेऱ्यांच्या वेळा पाळाव्या लागतात आणि पहाटेच्या विमानासाठी तिचा उपयोग नाही.

राहिली लोकल. विरार ते अंधेरी ३८ किलोमीटर, वसई रोड ते अंधेरी ३०. जलद गाडीने पाऊण तास ते तास. अंधेरीहून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे बदलून मेट्रो ३ ने पुढचंच स्टेशन टर्मिनल २. मेट्रो ३ चा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून हा मार्ग जमतो. २३-२३ किलोच्या दोन बॅगा घेऊन सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये चढणं म्हणजे वेडेपणा. पण परदेशी विमानं बहुतेक रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी निघालं, तर गर्दी चर्चगेटकडून विरारकडे येत असते आणि आपण उलट दिशेने जात असतो. हातात एकच बॅग असेल तर हा पर्याय टॅक्सीपेक्षा भरवशाचा आहे, कारण लोकलला वर्सोवा पुलावरची कोंडी नाही. परतताना गणित उलटं. मध्यरात्री उतरलात तर मेट्रो बंद, लोकलही काही तास बंद, आणि टॅक्सीवाल्याला 'वसई' म्हटलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथे विमानं सुरू झाली. वसईकरासाठी मात्र ते उलव्याला, ठाणे आणि बेलापूरच्याही पलीकडे आहे. परदेशी विमानं तिकडे जसजशी वाढतील तसतसं तिकीट काढताना मुंबईतलं कोणतं विमानतळ हे बघणं गरजेचं होणार आहे. हजार-दोन हजारांनी स्वस्त तिकीट टॅक्सीच्या भाड्यात वसूल होईल. वाढवण बंदराजवळ मुंबईचं तिसरं विमानतळ उभारण्याची घोषणा सरकारने केली आहे. बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं आणि त्या बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे. विमानतळ तूर्त कागदावर आहे.

तर सतरा तासांचा हिशेब असा. घर ते विमानतळ दोन, आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी, विमानात दहा, तिकडे पासपोर्टची रांग आणि बॅगा यात एक, हिथ्रोहून घरी आणखी एक. यातल्या सात तासांशी विमानाचा काहीही संबंध नाही.

आकाश बंद झालं की सगळ्या हिशेबावर पाणी

१३ जून २०२५. इस्रायलने इराणवर हल्ले केले आणि इराणचं आकाश बंद झालं. त्या पहाटे मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं एआय १२९ सुमारे तीन तास हवेत राहून पुन्हा मुंबईतच उतरलं. लंडनहून मुंबईला येणारं विमान व्हिएन्नाला वळवलं गेलं. दहाच दिवसांनी, २३ जूनला, इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली आणि कतारसह आखातातल्या अनेक देशांनी आपलं आकाश काही तासांसाठी बंद केलं. वर दुबईच्या वळशाचं जे सोपं गणित मांडलं, ते आखात शांत असेपर्यंतच सोपं आहे. पाकिस्तान बंद, युक्रेन बंद, आणि त्यात इराण-आखातही बंद झालं तर मुंबईहून युरोपला जायला उरते ती सौदी अरेबिया आणि इजिप्तच्या बाजूची चिंचोळी वाट.

आकाशाची परवानगी मिळाली की काय होतं, याचा किस्सा मराठी माणसाच्या जवळचा आहे. कोकणातून गेलेले बेने इस्रायली इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत राहतात, तिथे 'मायबोली' नावाचं मराठी मासिकही निघालं. त्यांना मुंबईला यायचं तर 'एल अल'चं थेट विमान होतं. मुंबई-तेल अवीव अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास. पण सौदी अरेबिया इस्रायली विमानाला वरून जाऊ देत नसे, म्हणून ते तांबड्या समुद्रावरून दक्षिणेला उतरून, एडनच्या आखाताला वळसा घालून यायचं. जवळपास आठ तास. मार्च २०१८ मध्ये सौदीने एअर इंडियाला वाट दिली आणि दिल्लीहून, म्हणजे जवळपास तेवढ्याच अंतरावरून, निघालेलं विमान त्याहून कमी वेळात तेल अवीवला पोचू लागलं. चिडलेली 'एल अल' कोर्टात गेली. २०२२ मध्ये सौदीने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने इस्रायली कंपन्यांनाही आकाश उघडलं, तेव्हा मुंबईचा प्रवास दोन तासांहून जास्त कमी झाला. दोन्ही गावं होती तिथेच होती.

मग फोन आल्यावर घरच्यांनी काय धरायचं?

वसईत हा प्रश्न बहुतेक वेळा एका वाईट फोनने येतो. समजा हिवाळ्यातल्या सोमवारी रात्री आठला घरात कुणीतरी गेलं. धर्मगुरूंना अंत्यविधीची वेळ द्यायची आहे आणि मुलं तीन देशांत आहेत.

दुबईतल्या मुलाकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. रात्रीच्या विमानात जागा मिळाली तर मंगळवारी सकाळी तो घरी. लंडनमध्ये दुपारचे अडीच. पासपोर्ट हातात असेल तर रात्रीचं विमान गाठता येतं; मंगळवारी दुपारी मुंबई, संध्याकाळच्या सुमारास वसई. टोरंटोत सकाळचे साडेनऊ. तिथून बहुतेकांना वाटेत विमान बदलावं लागतं. रात्री नऊला निघालं आणि वीस तास धरले तर बुधवारी पहाटे साडेतीनला मुंबई, आणि रस्ता मोकळा असल्यामुळे उजाडायच्या आत घर. थोडक्यात, कॅनडातल्या मुलासाठी थांबायचं तर बुधवार दुपारच्या आधीची वेळ देऊ नये. मंगळवारची वेळ दिली तर ती त्याच्याशिवाय होणार, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रस्त्यात विमान वळवलं गेलं तर बुधवारही हातून जातो.

अशा घाईत सगळ्यात स्वस्त तिकीट शोधणारा अडकतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सुटी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लांबल्यामुळे दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. बॅगा बाहेर काढून पुन्हा तिकीट घ्यावं लागतं. पूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर, एकाच पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम असतं. विमानच रद्द झालं तर भारतातल्या नियमांप्रमाणे पर्यायी विमान किंवा पैसे परत यांपैकी एक मागता येतं. युद्धामुळे आकाश बंद होणं हे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण धरलं जातं, त्यामुळे वेगळी नुकसानभरपाई मात्र मिळत नाही.

आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी बघायच्या गोष्टी दोनच : विमान कंपनीच्या ॲपवर आपल्या विमानाची स्थिती, आणि वर्सोवा पुलावरची.